झाड ठेवायचं की फळं? पार्स केलेल्या एक्सएमएलच्या कॅशेचा हिशेब

एक्सएमएल म्हणजे माहिती टॅगमध्ये, म्हणजे कोनी कंसांतल्या नावांमध्ये, गुंडाळून लिहायची पद्धत. अशी फाइल वाचून तिची रचना उलगडणं म्हणजे पार्स करणं, ते करणारा तो पार्सर, आणि केलेलं काम पुन्हा लागेल म्हणून मेमरीत जपून ठेवायची जागा म्हणजे कॅशे. आता पुढची चार ओळींची नोंद नीट बघा. एखाद्या मोठ्या फाइलमध्ये अशा लाखो नोंदी एकाखाली एक आहेत असं समजा.

```
  <नोंद क्र="७">
    <ताप>२८</ताप>
    <आर्द्रता>६४</आर्द्रता>
  </नोंद>
```

(टॅगची नावं देवनागरीत आहेत म्हणून बिचकू नका. एक्सएमएलच्या नियमांत ती पूर्णपणे वैध आहेत आणि नियम पाळणारा कोणताही पार्सर ती बिनतक्रार वाचतो.)

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आणि ओळ तोडणारी चिन्हंही मोजली, तर डिस्कवर या नोंदीचे बरोबर १४९ बाइट होतात. हवं तर स्वतः मोजून बघा.

हीच नोंद पार्स करून मेमरीत ठेवली की किती जागा खाते? उदाहरणासाठी लिबएक्सएमएल२ हे पार्सिंगचं साधन घेऊ, कारण पायथनमधलं एलएक्सएमएल आणि पीएचपीमधली एक्सएमएलची साधनं त्याच्याच जिवावर चालतात. पार्सर फाइलीचं मेमरीत एक झाड बांधतो: प्रत्येक टॅग आणि मजकुराचा प्रत्येक तुकडा हा त्यातला एक नोड, आणि आतला टॅग हे बाहेरच्या टॅगचं मूल. लिबएक्सएमएल२ मध्ये ६४-बिट यंत्रावर एका नोडला १२० बाइट लागतात. आपल्या नोंदीत तीन टॅग, म्हणजे तीन नोड. त्यांतल्या दोन आकड्यांच्या मजकुराचे दोन. टॅगच्या कंसातच लिहिलेल्या ‘क्र’ या अ‍ॅट्रिब्यूटची स्वतःची वेगळी चौकट असते, आणि त्याची किंमत ‘७’ ठेवायला आणखी एक मजकुराचा नोड. झाले सहा. राहिलेले चार मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. टॅग आणि टॅग यांच्या मधली मोकळी जागा, जी आपण फक्त डोळ्यांना बरं दिसावं म्हणून सोडलेली असते, ती पार्सरच्या लेखी मजकूरच असतो. तिचेही नोड तयार होतात. एकूण दहा नोड, म्हणजे १,२०० बाइट, आणि वर अ‍ॅट्रिब्यूटच्या चौकटीचे शंभरेक. १४९ बाइटांची नोंद मेमरीत १,३०० बाइटांची झाली. जवळजवळ नऊपट.

अशा १० लाख नोंदी असतील, तर डिस्कवरची दीडशे एमबीची फाइल मेमरीत १.३ जीबी होऊन बसते. कॅशेत अशा तीन-चार फाइली ठेवायच्या म्हटल्या की सर्व्हरचा जीव गुदमरतो. न ठेवाव्यात, तर दर वेळी तीच फाइल पुन्हा वाचा, पुन्हा पार्स करा, वापरणाऱ्याला ताटकळत ठेवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या पेचातून बाहेर पडायची वाट बहुतेक लोक ‘कॅशे किती मोठा ठेवावा’ या प्रश्नात शोधतात. मला वाटतं, त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: कॅशेत नेमकं ठेवायचं काय?

पार्सिंगला वेळ का लागतो

एक्सएमएल १.० हे डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून जाहीर केलं. त्याचा एक नियम फार कडक आहे. दस्तऐवजात एक कंस चुकला, एक टॅग बंद करायचा राहिला, की पार्सरनं तिथेच थांबायचं. ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे जायचं नाही. त्यामुळे पार्सरला प्रत्येक बाइट तपासणं भाग पडतं. हा बाइट कोणत्या अक्षराचा भाग आहे, ते अक्षर इथे चालतं का, उघडलेला टॅग त्याच नावानं बंद झाला का, एकाच टॅगमध्ये एक अ‍ॅट्रिब्यूट दोनदा तर आलं नाही ना, नेमस्पेसचा (नावांच्या गटाचा) उपसर्ग कुठे जाहीर केला होता, अशी ही तपासणी शेवटच्या अक्षरापर्यंत चालते.

आणि झाड बांधायचं असेल, तर या सगळ्यावर आणखी एक मोठं काम येतं. प्रत्येक नोडसाठी मेमरीत जागा मागायची आणि तो शेजाऱ्यांशी जोडायचा. आई कोण, पहिलं मूल कोण, शेवटचं कोण, आधीचं भावंड, नंतरचं भावंड, कोणत्या दस्तऐवजातला, हे सगळे पत्ते प्रत्येक नोडजवळ असतात. सहा पत्ते, प्रत्येकी ८ बाइट. ‘२८’ या दोन अंकांभोवतीचा १२० बाइटांचा संसार उभा राहतो तो असा.

अर्थात हे पत्ते फुकट वाया जात नाहीत. त्यांच्यामुळेच झाडात वर, खाली, आडवं कुठेही सहज जाता येतं, एक्सपाथ या शोधायच्या भाषेनं हवा तो भाग शोधता येतो, मधलीच फांदी कापून दुसरीकडे लावता येते. डॉम नावाची ही पद्धत ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रमाण झाली, ती मुळात याच कामांसाठी. पण बहुतेक वेळा आपण झाड बांधतो, त्यातून चार आकडे तोडून घेतो, आणि आकड्यांसाठी अख्खं झाड जपून ठेवतो.

काय ठेवायचं

एका एक्सएमएल फाइलपासून आपल्याला हव्या त्या उत्तरापर्यंत जाताना चार मुक्काम लागतात. आधी कच्चे बाइट. मग झाड. मग झाडातून उचलून आपल्या कामाच्या आकारात बसवलेली माहिती. आणि शेवटी तिच्यावरून काढलेलं तयार उत्तर. कॅशे यांपैकी कोणत्याही मुक्कामावर ठेवता येतो, आणि निम्मा हिशेब इथेच ठरतो.

वरच्या नोंदींचंच बघू. माझ्या प्रोग्रामला प्रत्येक नोंदीतून तीनच गोष्टी लागतात असं समजा: क्रमांक, तापमान, आर्द्रता. प्रत्येकी ४ बाइटांचा पूर्णांक धरला आणि तीन सरळ अ‍ॅरे केले, तर एका नोंदीला १२ बाइट पुरतात. १० लाख नोंदींना १.२ कोटी बाइट, म्हणजे सुमारे १२ एमबी. डिस्कवर दीडशे एमबी, झाड १.३ जीबी, आणि उचललेली माहिती १२ एमबी. झाडाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी! शिवाय वाचायला झाडापेक्षा कितीतरी जलद, कारण अ‍ॅरेतले आकडे मेमरीत शेजारीशेजारी बसलेले असतात.

हा फरक काही टक्क्यांचा असता, तर मी त्यावर इतका वेळ घालवला नसता. पण तो शंभरपटीचा आहे, आणि कॅशेच्या कोणत्याही सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी शंभरपट मिळत नाही. म्हणून कॅशेचा आकार वाढवण्याआधी ते झाड नंतर कोण कोण वाचतं, याची यादी करून बघावी. बहुतेकदा यादी छोटी निघते: या टॅगचा मजकूर, त्या टॅगचं अ‍ॅट्रिब्यूट, बस. अशा वेळी पार्स करतानाच त्या गोष्टी उचलून घ्याव्यात आणि झाड सोडून द्यावं. किंवा झाड बांधूच नये. डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानं १९९८ च्या मे महिन्यात आलेली सॅक्स ही पद्धत झाड बांधतच नाही. टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला, एवढं ती क्रमानं सांगत जाते. त्यातलं काय टिपून घ्यायचं ते आपण ठरवायचं. जावामध्ये पुढे आलेली स्टॅक्स ही पद्धत त्याच वळणाची, फक्त तिथे पार्सर आपल्याला हाका मारत नाही, आपण त्याला ‘पुढचं दे’ म्हणतो. पायथनमध्ये ‘इटरपार्स’नं एकेक नोंद वाचायची आणि काम झालं की तिथल्या तिथे ‘क्लिअर’ करून मूळ टॅगपासूनही सुटी करायची. यांतल्या कुठल्याही पद्धतीत दीडशे एमबीची फाइल थोड्या मेमरीत वाचून होते.

कच्चे बाइट ठेवण्याबद्दल एकच सांगतो. फाइल त्याच यंत्रावर असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम तिचे बाइट मोकळ्या मेमरीत आपण न सांगताही ठेवत असते. आपणही ठेवले, तर तेच बाइट दोनदा साठतात. फाइल दूरच्या सर्व्हरवरून येत असेल तर मात्र बाइट जपण्यात अर्थ आहे, आणि तेही दाबून ठेवावेत. एक्सएमएलमध्ये तीच ती टॅगची नावं पुन्हा पुन्हा येत असल्यानं जीझिपसारखी साधनं त्याला चांगलंच आवळतात.

झाडच हवं असेल तेव्हा

काही कामांना झाडाशिवाय गत्यंतर नसतं. कोणता प्रश्न येईल हे आधी माहीत नसतं, दर वेळी नवा एक्सपाथ येतो, किंवा दस्तऐवजावर एक्सएसएलटी, म्हणजे त्याचं रूप पालटायची भाषा, चालवायची असते. तिथेही सगळी झाडं सारख्या वजनाची नसतात.

बदल करायची गरज नसेल, तर फक्त वाचता येणारं झाड घ्यावं. सॅक्सन या एक्सएसएलटीच्या इंजिनात मायकेल के यांनी ‘टायनी ट्री’ नावाची रचना वापरली आहे. तिच्यात प्रत्येक नोडचा वेगळा ऑब्जेक्ट नसतो. नोडचा प्रकार, खोली, नाव, पुढचं भावंड हे सगळं पूर्णांकांच्या लांब अ‍ॅरेंमध्ये असतं, आणि नोड म्हणजे त्या अ‍ॅरेंमधला एक क्रमांक. डॉट नेटमध्ये ‘एक्सएमएल डॉक्युमेंट’ऐवजी ‘एक्सपाथ डॉक्युमेंट’ वापरण्यामागे हाच विचार आहे: बदलता येणार नाही, पण एक्सपाथसाठी ते घडवलेलं आहे. कॅशेतल्या झाडाला हात लावता न येणं ही अडचण वाटते, पण मुळात तो फायदा आहे. त्यावर पुढे येतोच.

मोकळ्या जागांचे नोड तर लगेच काढता येतात. आपल्या दहा नोडांपैकी चार तेच होते, म्हणजे ४८० बाइट. बऱ्याच पार्सरमध्ये ते गाळायचा पर्याय असतो. फक्त एक जपायचं: दस्तऐवज लेखासारखा असेल, म्हणजे वाक्याच्या मधेच ठळक किंवा तिरप्या शब्दाचा टॅग येत असेल, तर दोन टॅगमधली मोकळी जागा खरोखरच दोन शब्दांमधली जागा असू शकते. तिथे आंधळेपणानं गाळलं, तर शब्द एकमेकांना चिकटतात. आकड्यांच्या आणि सेटिंगच्या फाइलींत ही भीती नाही.

टॅगच्या नावांचंही असंच. ‘आर्द्रता’ हे २४ बाइटांचं नाव १० लाख वेळा साठवायचं, की एकदाच साठवून बाकीच्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं? लिबएक्सएमएल२ नावांचा असा कोश ठेवतं, आणि डॉट नेटमध्ये ‘नेम टेबल’ असतं, जे अनेक दस्तऐवजांत मिळून एकच वापरता येतं. कॅशेत एकाच साच्याची शेकडो छोटी झाडं असतील, तर हा सामाईक कोश चांगली बचत करतो.

मराठी मजकुराबाबत एक बारीक गोष्ट. देवनागरीचं जे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, ते जावाच्या स्ट्रिंगमध्ये २ बाइटांत बसतं, कारण तिथे असा मजकूर यूटीएफ-१६ मध्ये साठतो. २०१७ च्या जावा ९ पासून फक्त लॅटिन अक्षरांच्या स्ट्रिंगला दर अक्षरी १ बाइट पुरतो. पण तिच्यात एकच देवनागरी अक्षर आलं, की सगळी स्ट्रिंग दर अक्षरी २ बाइटांवर जाते. त्यामुळे इंग्रजी फाइलींवर बांधलेले अंदाज मराठी फाइलींना जसेच्या तसे लावू नयेत.

जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग, असं नाही

मेमरी दिली की वेग मिळतो, हे काही मर्यादेपर्यंतच खरं. आधी फायद्याची बाजू आकड्यांत बघू. एक दस्तऐवज पार्स करायला ४० मिलिसेकंद लागतात आणि कॅशेतून जवळपास काहीच वेळ लागत नाही, असं समजा. शंभरातल्या ५० वेळा तो कॅशेत सापडत असेल, तर सरासरी २० मिलिसेकंद. ५५ वेळा सापडला, तर १८. फार फरक नाही. पण ९० वरून ९५ वर गेलात, तर सरासरी ४ वरून २ वर येते, निम्मी होते. आणि ९९ ला ०.४. म्हणून ‘किती वेळा सापडलं’ यापेक्षा ‘किती वेळा सापडलं नाही’ हा आकडा बघावा. काम त्यावर चालतं.

अडचण अशी, की शेवटची ती पाच टक्के मिळवायला मेमरी फार लागते. थोडे दस्तऐवज पुन्हा पुन्हा मागितले जातात आणि बाकीच्यांची क्वचित कधी वर्णी लागते, हे चित्र जवळजवळ सगळीकडे दिसतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना जागा मिळाली, की पुढे वाढवलेली प्रत्येक एमबी कधीतरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी अडवून ठेवलेली असते.

आणि ती अडवलेली मेमरी स्वस्थ बसत नाही. जावा, डॉट नेट यांसारख्या भाषांत नको झालेली मेमरी परत मिळवणारा गार्बेज कलेक्टर कोणते ऑब्जेक्ट अजून वापरात आहेत हे शोधायला पत्त्यांच्या मागे मागे फिरतो. कॅशेत एक कोटी नोडांची झाडं असतील, तर पूर्ण झाडाझडतीच्या वेळी त्याला त्या एक कोटी नोडांना भेटावं लागतं, आणि सगळे अजून हवेच आहेत असं कळून रिकाम्या हातानं परतावं लागतं. याच ठिकाणी पूर्णांकांचा एक मोठा अ‍ॅरे असेल, तर तो त्याच्या लेखी एकच ऑब्जेक्ट. आत डोकावण्याचं कारणच नाही. ‘टायनी ट्री’सारख्या रचना किंवा उचललेले आकडे इथे दुसऱ्यांदा फायदा देतात.

प्रोसेसरचंही ऐका. आजच्या बहुतेक प्रोसेसरांना मेमरीतून माहिती ६४ बाइटांच्या तुकड्यांनी मिळते. १२० बाइटांच्या एका नोडला भेटायचं म्हणजे दोन-तीन तुकडे, आणि पुढचा नोड कुठेतरी लांब. ४ बाइटांचे आकडे ओळीनं असतील, तर एका तुकड्यात सोळा येतात.

जावावाल्यांसाठी एक खास खड्डा आहे. हॉटस्पॉट या जावा चालवणाऱ्या यंत्रणेत हीप, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी, साधारण ३२ जीबीच्या आत असेल, तर एका ऑब्जेक्टचा पत्ता ४ बाइटांत मावतो. ती मर्यादा ओलांडली की ८ बाइट लागतात. झाड म्हणजे पत्त्यांचंच जाळं. कॅशे मोठा करायला हीप ३१ वरून ३४ जीबी केली, तर आधीपेक्षा कमीच झाडं मावतील, अशी वेळ येऊ शकते.

मर्यादा कशाची घालायची

कॅशेला मर्यादा हवीच, यावर वाद नाही. पण ती बहुतेक वेळा संख्येची असते: जास्तीत जास्त इतके दस्तऐवज. पायथनच्या ‘एलआरयू कॅशे’ला काही सांगितलं नाही, तर तो १२८ गोष्टी ठेवतो, मग त्या गोष्टी दोन केबीच्या असोत की दोनशे एमबीच्या. दस्तऐवज सारख्या आकाराचे असतील तर संख्या चालते. मी काम केलेल्या एका प्रणालीत मर्यादा ५०० दस्तऐवजांची होती आणि ते सगळे किरकोळ आकाराचे होते, त्यामुळे कित्येक महिने कुणाला काही जाणवलं नाही. मग एका विभागानं वर्षभराच्या नोंदी एकाच फाइलीत पाठवायला सुरुवात केली. कॅशेत दस्तऐवज होते ६० सुद्धा नाहीत, मर्यादेच्या आसपासही नाहीत, आणि सर्व्हर मेमरी संपून कोसळला. तेव्हापासून मी संख्येच्या मर्यादेवर भरवसा ठेवत नाही.

मर्यादा वजनाची घालावी. झाडाचं अचूक वजन काढणं महागडं असतं, पण अंदाज पुरतो. पार्स होत असताना नोड मोजावेत, मजकुराची लांबी बेरजेत धरावी, नोडांच्या संख्येला ठरावीक बाइटांनी गुणावं. फाइलच्या आकाराला दहानं गुणण्यापेक्षा हा अंदाज बराच बरा. त्याचं कारणही आहे. एक्सएमएलमध्ये एंटिटी नावाची सोय असते: एका छोट्या नावामागे मोठा मजकूर. त्या एकात एक गुंफत नेल्या, तर १ केबीहून लहान फाइल उलगडून ३ जीबीपर्यंत फुगू शकते. ‘बिलियन लाफ्स’ या नावानं ओळखला जाणारा हल्ला तो हाच. बाहेरून येणाऱ्या फाइलींसाठी डीटीडी (दस्तऐवजाची रचना आणि एंटिटी जाहीर करणारा भाग) बंद ठेवणं किंवा उलगडण्यावर मर्यादा घालणं हे कॅशेच्या आधीचं काम आहे.

भरल्यावर बाहेर कुणाला काढायचं? ज्याला सगळ्यांत जास्त काळ कुणी विचारलं नाही त्याला, हा एलआरयूचा नियम सोपा आहे आणि बहुतांश वेळा बराही. त्याचा कच्चा दुवा रात्री उघडा पडतो. एखादं अहवालाचं काम सगळे दस्तऐवज एकेकदा वाचत सुटतं, आणि सकाळी कॅशेत पुन्हा कधीही न लागणारे दस्तऐवज ठाण मांडून बसलेले असतात, नेहमीचे बाहेर. जावातल्या कॅफिनसारख्या लायब्ररी म्हणूनच नवा आलेला दस्तऐवज आणि बाहेर जाणार असलेला दस्तऐवज यांत आजवर जास्त वेळा कुणाला विचारलं गेलं ते ताडून बघतात, आणि नवा कमी पडला तर त्यालाच दारातून परत पाठवतात. ती सोय नसेल, तर रात्रीच्या कामानं कॅशेला वळसा घालून जावं, एवढं केलं तरी पुरे.

जावात आणखी एक मोहाची वाट दिसते: सॉफ्ट रेफरन्स. झाड अशा सैल धाग्यानं धरायचं, की मेमरी कमी पडली तर कलेक्टरनं ते खुशाल न्यावं. ऐकायला छान, पण कोणतं झाड आधी जावं हे आपल्या हातात राहत नाही, कॅशे हीप जवळजवळ भरेपर्यंत फुगतो, आणि मग कामाच्या ऐन गर्दीत ढीगभर झाडं एकदम जातात. तेव्हा सगळी पुन्हा पार्स करायची. ग्वावा लायब्ररीचे कर्तेसुद्धा याऐवजी ठरावीक मर्यादाच घाला असं सुचवतात, आणि माझं मत तेच आहे.

मर्यादा नीट घातली आणि तरीही मेमरी वाढतच राहिली, तर एक गोष्ट आधी तपासा. डॉममधल्या प्रत्येक नोडला आपली आई आणि आपला दस्तऐवज माहीत असतो. कोड लिहिणाऱ्यानं झाडातला एक इवलासा नोड, समजा फक्त ‘ताप’, कुठल्यातरी यादीत जपून ठेवला, तर त्या नोडच्या पत्त्याला धरून सगळं झाड जिवंत राहतं. कॅशेनं ते कधीच सोडलेलं असतं, पण मेमरी परत येत नाही. एलएक्सएमएलमध्येही हेच होतं. उपाय साधा आहे: नोड ठेवू नका, त्यातला मजकूर काढून तेवढाच ठेवा.

एक झाड, अनेक हात

कॅशेतलं झाड एकाच वेळी अनेक थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या, हाती जातं. ‘आम्ही तर फक्त वाचतोय’ असं म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि इथेच फसतात. डॉमच्या प्रमाणात थ्रेड-सुरक्षिततेची हमी कुठेही दिलेली नाही. झर्सेस हा जावातला प्रसिद्ध पार्सर (जावासोबत येणारा पार्सरही त्याच्यातूनच निघालेला) मूळ सेटिंगमध्ये नोड आळशीपणानं उलगडतो. आधी आटोपशीर रूपात साठवतो, आणि कुणी पहिल्यांदा विचारलं की खरा नोड तयार करतो. म्हणजे बाहेरून जे वाचन दिसतं, ते आत लेखन असतं. दोन थ्रेड एकाच वेळी ‘वाचू’ लागले, की कधीतरी, आणि नेमकं पुन्हा घडवून दाखवता येणार नाही अशा वेळी, चुकीचं उत्तर किंवा अपवाद येतो. तेव्हा एक तर कुलूप लावा, नाहीतर प्रत्येकाला प्रत द्या. प्रत द्यायची म्हणजे पुन्हा सगळे नोड बनवायचे, मग वाचवलेल्या वेळातला बराचसा तिथेच गेला. फक्त वाचता येणारी रचना, जिच्यात खरोखर काहीच बदलत नाही, ती इथे तिसऱ्यांदा उपयोगी पडते.

जावात एक्सएसएलटी वापरणाऱ्यांनी तयार केलेलं ‘टेम्प्लेट्स’ आणि दस्तऐवजाची रचना तपासायला स्कीमा वापरणाऱ्यांनी ‘स्कीमा’ हा ऑब्जेक्ट जरूर कॅशेत ठेवावा. हे दोन्ही अनेक थ्रेडमध्ये वाटायला सुरक्षित आहेत. त्यांवरून प्रत्यक्ष काम करणारे ‘ट्रान्सफॉर्मर’ आणि ‘व्हॅलिडेटर’ मात्र ज्याचे त्यानं नवे घ्यावेत.

गर्दीचा दुसरा त्रास पार्स होण्याआधीचा. दस्तऐवज कॅशेत नाही आणि त्याच क्षणी ४० थ्रेडना तोच हवा आहे. चाळीसही जण पार्स करायला बसतात आणि मेमरीत चाळीस झाडं एकदम उभी राहतात. म्हणून कॅशेत झाडाची वाट न बघता आधी त्याचं वचन ठेवावं: पहिला थ्रेड ‘मी पार्स करतोय’ अशी नोंद ठेवतो, बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. पार्सिंग फसलं, तर ते वचन काढून टाकायला विसरू नका, नाहीतर एक वाईट फाइल दुरुस्त झाल्यावरही चूकच परत मिळत राहील.

ताजं आहे का

फाइल बदलली हे ओळखायला बदलाची वेळ आणि आकार बघणं पुष्कळदा पुरतं. पण वेळ केव्हा टिपायची याला महत्त्व आहे. ती पार्स करायच्या आधी टिपा. नंतर टिपली आणि मधल्या काळात फाइल बदलली, तर जुन्या झाडावर नवी वेळ चिकटते, आणि ते शिळं झाड ताजं म्हणून कॅशेत राहतं. फाइल लिहिणारा भाग आपल्या हातात असेल, तर वेगळ्या नावानं पूर्ण लिहून मग नाव बदलावं, म्हणजे अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही. फाइल वेबवरून येत असेल, तर ई-टॅग (सर्व्हरनं फाइलीच्या त्या आवृत्तीला दिलेली खूण) पाठवून ‘बदललं असेल तरच दे’ म्हणता येतं.

कॅशे न ठेवण्याचा भार शेवटी कुणावर पडतो, याचं एक ढळढळीत उदाहरण आहे. अनेक एक्सएमएल दस्तऐवजांच्या सुरुवातीला डब्ल्यू३सीच्या साइटवरच्या डीटीडीचा पत्ता असतो. जगभरचे पार्सर तो पत्ता दिसला की फाइल आणायला धावत. २००८ च्या फेब्रुवारीत डब्ल्यू३सीनंच जाहीर केलं, की वर्षानुवर्षं न बदललेल्या या फाइलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. यातली प्रत्येक मागणी आपल्या बाजूलाही पार्सिंग अडवून धरते, कारण फाइल येईपर्यंत पार्सर थांबलेला असतो. अशा डीटीडी एक्सएमएल कॅटलॉग (बाहेरच्या पत्त्याऐवजी जवळची कोणती फाइल वाचायची याची यादी) वापरून आपल्याच यंत्रावर ठेवाव्यात. तुमचा पार्सर कारण नसताना हळू वाटत असेल, तर कॅशेला हात लावण्याआधी तो नेटवर्कवर कुठे जातोय का, ते बघा.

बाकी सगळं मोजण्यावर आहे. चार आकडे रोज टिपत जा: कॅशेत किती वेळा सापडलं नाही, एका पार्सिंगला किती वेळ गेला, किती दस्तऐवज बाहेर काढले, आणि गार्बेज कलेक्टरनं किती वेळ घेतला. बाहेर काढलेला दस्तऐवज मिनिटाभरात पुन्हा मागितला जात असेल, तर मर्यादा लहान आहे, किंवा झाडांऐवजी उचललेली माहिती ठेवायची वेळ आली आहे. दिवसभरात काहीच बाहेर जात नसेल, तर मर्यादा निम्मी करून आठवडाभर बघा. सगळं कॅशेत सापडतंय आणि तरी उत्तरं रेंगाळताहेत, तर कलेक्टरची नोंदवही उघडा. आणि एकदा पार्स केलेला दस्तऐवज दुसऱ्यांदा कुणी मागतच नसेल, तर तिथे कॅशे काढून सॅक्स लावा.